पांढऱ्या गाडीचा पहिला दिवस

मोतीबिंदूमुळे कमी दिसतं, तरी सासूबाईंनी सकाळी माझ्या नव्या पांढऱ्या स्कूटरला कुंकू लावलं आणि मी सातपूरला कामावर निघाले. मूठ पिळली की गाडी सुसाट. बसच्या गर्दीतली चार वर्षं मी पहिल्याच चौकात विसरले.

येताना सिग्नलला टेम्पोवाल्याने खिडकीतून गुटख्याची पिचकारी मारली, ती थेट गाडीच्या तोंडावर. बोलले, तर म्हणाला, "धुऊन टाका ना ताई, त्यात काय." तशीच घरी आले. गाडी दारात लावली आणि बादली आणायला आत पळाले.

बाहेर आले, तर सासूबाई गाडीपुढे वाकलेल्या.


"सकाळचं कुंकू अजून ओलं आहे, गाडी लाभणार तुला," म्हणत त्यांनी स्वतःच्या कपाळाला टिळा लावला आणि तेच बोट माझ्या कपाळाकडे आणलं.