दोरीवरचा पिवळा फ्रॉक

नवरा नवं घर लावायला देशाच्या दुसऱ्या टोकाला पुढे गेला, आणि इथे तिच्या वाट्याला उरली एकोणतीस खोकी आणि दीड वर्षाची किरकिरी चिमी.

दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मंगळवारी त्याच्या पाठीमागे, बाल्कनीतल्या दोरीवर, लाल बटणाचा एक पिवळा फ्रॉक वाळताना दिसला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"कुणाचा रे तो?"

"कुठला? अगं, दोरीसुद्धा अजून बांधली नाहीये मी."

बाई ठेवलीय, आणि तीही लेकुरवाळी! तिने तणतणत फोन कापला आणि राहिलेले कपडे धुवायला घेतले. बादलीत चिमीचा पिवळा फ्रॉक भिजत होता. त्याचं लाल बटण तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं.

बुधवारी कॉल लागताच तिने आधी दोरी पाहिली. तिथे एक बाई पाठमोरी उभी होती. बाईने फ्रॉक काढला, हनुवटीखाली धरला आणि घडी घातली. चिमीची आई स्वतः घालायची, अगदी तशीच.

"कोण आहे ती? खरं सांग!"

"कुणी नाही गं, शप्पथ!" नवरा रडकुंडीला आला.

मांडीवरच्या चिमीने फोनकडे हात पसरले. "आई!"

"अगं, मी इथे आहे ना!" तिने पोरीला घट्ट आवळलं.

"आले गं सोनू," फोनमधून तिचा स्वतःचाच आवाज आला.

पंधरा दिवस रडून घर डोक्यावर घेतलेली चिमी खुदकन हसली, आणि आपल्या अंगाभोवतीची आईची बोटं एकेक करून सोडवायला लागली.