माणशी एक मत

रॉक संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये कोणता बँड जावा यासाठी चाहत्यांचं मतदान सुरू झालं, की क्लीव्हलँडच्या एका बारमध्ये लॉइड आणि स्टॅनची जुंपायचीच. लॉइडचा जीव ‘आयर्न हेरॉन’ या बँडवर, स्टॅनचा ‘कोल्ड सायलो’वर.

“तुझ्या बँडपेक्षा माझं गवत कापायचं यंत्र सुरात वाजतं!” लॉइड डिवचायचा.

यंदा ऐन मतदानात स्टॅनच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. त्या दिवशी लॉइडनं मन घट्ट केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘कोल्ड सायलो’ला मत दिलं.

शुद्धीवर आल्यावर स्टॅन त्याच्या कानाशी पुटपुटला, “कुणाला सांगू नकोस लेका. आत नेण्याआधी वाटलं, आता आपलं काही खरं नाही. म्हणून जाता जाता मोबाइलवरून तुझ्या ‘हेरॉन’ला मत देऊन टाकलं.”

लॉइडनं कपाळावर हात मारला. “गाढवा! माझं मत वाया घालवलंस की!”