सेलांची काळी पूड

दुर्गाने कोयत्याच्या पाठीने विजेरीचा संपलेला सेल ठेचला. पत्रा फाटला, मधली कांडी बाजूला पडली आणि काळी पूड सुपात सांडली. उद्या अकरावा, सूतक फिटणार. त्याआधी घर सारवायचं होतं. ही पूड शेणात कालवली की जमीन काळीभोर होते, म्हणून आचऱ्यात संपलेला सेल सहसा कुणी टाकत नसे. बाबांनी तर डबाभर साठवले होते.

एका प्रश्नाने नऊ दिवस तिचा पिच्छा सोडला नव्हता. मोतीबिंदू झालेला सत्तरीचा माणूस कातरवेळी व्हाळावरच्या साकवावर, त्या ओढ्यावरच्या अरुंद पुलावर, कशाला गेला? पाय घसरून बाबा खाली दगडांवर पडले आणि गेले, एवढंच सगळ्यांना ठाऊक. देवळात निघाले असतील, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, चकवा लागला.

डब्यातले सेल तिनेच पाठवलेले, मुंबईहून गावी निघालेल्या कुणा ना कुणाच्या हाती. या खेपेला मात्र पाठवले नव्हते. दिवाळी झाली की मीच येते, सेल येताना आणते, असं पत्र टाकलं होतं. पुढे ऑफिसात रजा मिळाली नाही. ते कळवायचं राहून गेलं.

अक्का, बाबांची थोरली बहीण, शेणात पाणी ओतत होती. कौलांवर भाईने, म्हणजे बाबांनी, उन्हात ठेवलेले दोन सेल आहेत, तेही फोड, असं तिने सांगितलं. महिनाभर तेच तापवून तापवून विजेरीत घालत होता म्हणे.

"ती बॅटरी बघूक दुसरी बॅटरी व्हयी होती," अक्का म्हणाली. हसली मात्र नाही.

त्या संध्याकाळविषयी अक्का आजवर एक अक्षर बोलली नव्हती. दुर्गाने कोयता खाली ठेवला आणि विचारलं, निघताना ते काही म्हणाले का?

"सेल हाडूक जातंय म्हणालो. रोज ताच सांगी. धोंडूचां दुकान हयसर, शेजाराक. आणि ह्यो जाय साकवापलीकडे. म्हातारपणात बुद्धी फिरली गो, दुसरां काय?"

"रोज सेल आणायला? कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासून."

अक्का पुन्हा शेण कालवू लागली. दुर्गा सुपाकडे बघत राहिली. साकवापलीकडे दुकान नव्हतं, घर नव्हतं. मुंबईकरांना घेऊन कणकवलीहून येणारी संध्याकाळची एसटी तेवढी तिथे थांबत असे.