हळदीचा चौकोन

"लग्नाच्या साडीत काळं काहून टाकून राहिली, रुपा?" मागावर बसलेल्या भैय्यालालनं लेकीला विचारलं.

"राहू द्या नं, बाबा. मले तसंच पाहिजे."

मोहाडीजवळच्या या कोष्ट्याच्या घरची रीतच होती. नवरीची कोशाच्या रेशमाची साडी घरच्या मागावर विणायची आणि पदराची नक्षी नवरीनं स्वतः काढायची. रुपानं ना मोर काढले, ना कोयऱ्या. मधोमध हळदीच्या रंगाचा लहानसा चौकोन, आणि चारी बाजूंनी त्याच्यावर टोकं रोखलेले काळे त्रिकोण. मध्ये बोटभरही जागा नाही.

चौकोन म्हणजे तिचं लग्न. त्रिकोण म्हणजे धास्ती. याआधी दोनदा साखरपुडा होऊन लग्न मोडलं होतं. या खेपेला मध्यस्थ टिकाराममामांनी ते झाकून ठेवलं आणि तिलाही तोंड उघडू नको म्हणून बजावलं. लाखनीचा मनिष तिला मनापासून आवडला होता. तोही गेला तर? जे बोलायची बंदी, ते पोरीनं पदरावर मांडलं. आणि काय मांडलं! काळ्या रंगाला नाकं मुरडायला आलेल्या शेजारणी पदरासमोरून हलेनात.

साडी मागावर असतानाच मनिष येऊन गेला. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस. पदरासमोर बराच वेळ उभा राहिला.

"हे तुम्ही काढलं?"

"हो."

"असं काम मी आजवर नाही पाहिलं. जीव मुठीत धरून बसला आहे हा चौकोन." मग हळूच म्हणाला, "कोणाले सांगता येत नाही, म्हणून इथं मांडलं नं?"

रुपानं मान हलवली. तिचे डोळे भरून आले.

"समजलं मले. भेव काढून टाका. तुमच्या मनाविरुद्ध काही होणार नाही, माझा शब्द आहे."

असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. रुपा त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली. भैय्यालालचाही हात मागावर भराभर चालू लागला.

साडी मागावरून उतरली त्याच दिवशी टिकाराममामा आले आणि उंबऱ्याशीच बसले.

"मनिषनं नकार कळवला, भैय्यालालजी. तो म्हणते, लोकांले दोष माझाच सांगा. पण पोरीले हे लग्न नको आहे, तिच्या पदरावर साफ दिसून राहिलं."