वाघिणीचा मुखवटा

एम.एस्सी.साठी गडचिरोलीला येऊन महिना झाला, तरी उर्वशीला मेसमध्ये "इथी बस" म्हणणारं कोणी नव्हतं. आज स्वागतसमारंभात मात्र वर्गातल्या दिव्यानीने तिला हाताला धरून पुढे ओढलं. "ही जंगलाकडची हाय, आपली वाघीण!" म्हणत तिने उर्वशीला वाघाचा कागदी मुखवटा बांधला. "फोड वं डरकाळी, उर्वशी!" पहिल्यांदाच साऱ्यांच्या तोंडी तिचं नाव होतं. एवढं जमलं की उद्यापासून तीही त्यांच्यातली होणार होती. तिने छातीभर श्वास घेतला. पण डरकाळी तिने कधी ऐकलीच नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या आईला वाघिणीने नेलं, तेव्हा उर्वशी दोन झाडं पलीकडे होती. पानही वाजलं नव्हतं. उर्वशीने भरलेला श्वास तसाच सोडून दिला. "मुकी वाघीण भेटली आपल्याले!" हशा पिकला. दिव्यानीने मुखवटा काढून दुसरीला बांधला. तिला डरकाळी झकास जमली. उर्वशीनेही टाळ्या वाजवल्या.