एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट

पंगत उठली तसं डोमाजींनी सदऱ्याच्या खिशातून हिवतापाची गोळी काढली. माधवीनं त्यांच्या पुढ्यातला पाण्याचा गिलास उचलून बाजूला ठेवला.

"काकाजी, ही नका घेऊ."

अल्लीपूरच्या त्या अंगणात तिच्या वडिलांच्या, प्रेमदासजींच्या, पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला भावकी जमली होती. डोमाजी त्यांचे धाकटे भाऊ. मागच्या आठवड्यात दोन गोळ्यांनीच त्यांची लघवी काळी झाली होती. डॉक्टरांनी गोळी थांबवून रक्त तपासून घेतलं. ही गोळी सोसायला रक्तात जे द्रव्य लागतं ते पुरेसं आहे, असा रिपोर्ट आला. आजपासून गोळी पुन्हा सुरू करायची होती.

प्रेमदासजींचा रिपोर्टही असाच चांगला आला होता. त्यानंतरच्या गोळ्यांनी ते गेले.

माधवीनं काकांचं तेच रक्त वर्ध्याला आपल्या लॅबमध्ये दुसऱ्या पद्धतीनं तपासलं होतं. तिनं द्रव्य मोजलं नाही, ते बनवणारं जनुक पाहिलं. त्यात जन्मापासूनचाच, घराण्यात उतरणारा दोष निघाला. डॉक्टरांशी ती सकाळीच बोलली होती. ते दुसरा उपाय करायला तयार होते. पटवायचे राहिले होते डोमाजी.

"आता कोनता खरा मानू?" डोमाजी हसले. "थो शिक्क्याचा, का तुया घरचा?"

हात पुसत उभी असलेली माणसंही हसली. जास्त शिकलं की छापलेलंही खोटं वाटते, असं कोणीतरी म्हणालं.

माधवी हसली नाही. दोन्ही खरे आहेत, ती म्हणाली. गोळीनं कमजोर पेशी आधीच फुटून गेल्या. राहिल्या त्या नव्या, दमाच्या. पहिल्या तपासणीनं त्यांच्यातलंच द्रव्य मोजलं. जनुक मात्र कोण मेलं, कोण राहिलं यावर बदलत नाही.

डोमाजींनी तळहातावरची गोळी उलटून पाहिली.

"म्हणजे मर लागलेली कपाशी उपटून टाकल्यावर साहेब पाहणीले आला. उभी झाडं पाह्यली, अन् म्हणे वावर झकास हाय."

"हो काकाजी."

त्यांनी गोळी तिच्या हातावर ठेवली. मग आवाज खाली आणून विचारलं, "दादाच्या वक्ती हे काऊन नाई केलं?"

"तेव्हा आमच्याकडे होत नव्हतं."

"मंग आता कोनं आनलं?"

माधवी खाली वाकून गिलास गोळा करू लागली. सकाळपासून कोणाशी न बोललेली तिची आई, कमलाबाई, चुलीपाशी उभी होती.

"हिनंच आनलं," कमलाबाई म्हणाल्या. "वरीसभर घरी नाई आली, थे हेच करून राह्यली होती."

डोमाजींनी मांडवाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या मुलीला हाक मारली.

"कोकिळा, तुया पोराले आन इकडं. बाही वर करून माधवीपाशी बसव."