वरचा, मधला, खालचा

"चावी द्या ना, बाबा."

"नाही."

मेकॅनिक शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. एक स्क्रू दातांत, दुसरा आत्ताच हातातून निसटून कुठेतरी गडगडत गेलेला. पावणेनऊ झाले होते. दहाला संग्रहालय उघडणार, शाळेची मुलं आत शिरणार, आणि त्याआधी भिंतीवरचा आकडा उलटा फिरायला लागायला हवा होता.

आकडा सगळ्या खंडाच्या लोकसंख्येचा. नऊ चाकं, प्रत्येक जेवणाच्या ताटाएवढं. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनीच ती बसवली, तेव्हा शेवटचं चाक दर पाच सेकंदांनी सरकायचं. दर वर्षी वाढीचा नवा दर कळवणारं पत्र यायचं आणि टायमर बदलावा लागायचा. पाच सेकंदांचे बारा झाले, बाराचं एक मिनिट झालं. गेलं वर्षभर पंचवीस मिनिटांनी एक असं चाललं होतं. बघायला आलेली माणसं कंटाळून पुढच्या दालनात जायची.

यंदाच्या पत्रात तीन अंदाज होते. वरच्या अंदाजाने खंड अजून वाढणार होता, तासाला एकाने. मधल्याने घटणार, चाळीस मिनिटांना एकाने. आणि खालच्याने दर तीन मिनिटांना एकाने.

"वरचा लाव," घडीच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. सकाळपासून चौथ्यांदा.

"वरचा आता कुणी मानत नाही. व्यवस्थापकबाईंनी सांगितलंय, मधला नाहीतर खालचा, तुमचं तुम्ही ठरवा. पण दहापर्यंत फिरला नाही तर उद्या इथे टीव्ही लागेल. चाकं भंगारात."

"खालचा? तो काढणाऱ्याला घरी कुणी जेवायला वाढत नसणार."

"मग मधला लावू. चावी द्या."

"मी हे पुढे जायला बनवलंय. माणसं कुणी उलटी मोजतं का?"

मोटर उलटी फिरवणं सोपं होतं. पण चाकांना मागे जाऊ न देणारा एक खटका होता, तो मागच्या झाकणाआड. त्या झाकणाची चावी बाबांच्या शर्टाच्या खिशात. मागची बाजू ते स्वतःच साफ करायचे, लेकीलाही हात लावू द्यायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी महिन्यातून एकदा फडकं घेऊन यायचेच.

"आई, तो मागे गेला तर माझा नंबर पुसला जाणार?" खारू विचारत होती. सहा वर्षांची पोरगी, एका जागी ठरेल तर शपथ. आत्ताही ती शिडीखालून, खुर्चीमागून, भिंतीच्या कडेकडेने नुसती पळत होती.

खारूचा नंबर म्हणजे ती जन्मली त्या मिनिटाला भिंतीवर असलेला आकडा. प्रसूतीच्या खोलीतून मेकॅनिकच्या नवऱ्याने फोन केला होता, आणि इथे उभं राहून बाबांनी तो वाचून दाखवला होता. मेकॅनिकचाही असाच एक होता. खारूला दोन्ही पाठ होते.

"पुसला नाही जाणार. उलट मागे जाता जाता परत येईल. खूप वर्षांनी, पण येईल."

खारू पळायची थांबली. "परत येणार? इथेच? सगळ्यांना दिसणार?" मग ती थेट आजोबांकडे गेली. "आजोबा, द्या ना चावी. माझा नंबर यायचाय."

तिने त्यांच्या खिशात हात घातला. मेकॅनिकला वाटलं, आता बाबा ओरडणार. ते ओरडले नाहीत. नातीने चावी काढून घेतली, झाकण उघडलं, आणि ते नुसते बघत राहिले.

"आई, इथे आतून लिहिलंय. हा तुझा. हा माझा. पण माझ्या खाली अजून एक आहे. उलटं गेलं तर आधी तो येणार. कुणाचा आहे गं?"

मेकॅनिक खाली उतरली. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तीन आकडे होते. वरच्या दोन्हींपुढे नावं. तिसऱ्यापुढे फक्त तारीख आणि वेळ. चार वर्षांपूर्वीची तारीख, पहाटे सहा वाजून दहा मिनिटं.

त्या पहाटे आई गेली होती. आणि बाबा हॉस्पिटलमधून तासभर कुठेतरी निघून गेले होते. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, फक्त मनात धरून ठेवलं. सह्यांचे कागद तिने एकटीने भरले होते, दोन वर्षांच्या खारूला कडेवर घेऊन.

तिने बाबांकडे पाहिलं. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"वाटलं, लिहून ठेवावं," ते म्हणाले. "नंतर रोज पुढेच जात राहिला."

मागे हॉलचे दिवे लागले. दाराशी कुणीतरी लादी पुसायला लागलं. खारू एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे बघत होती.

"आत्ताच्या आकड्यापासून किती लांब आहे तो?" बाबांनी विचारलं.

तिने वर पाहिलं, मग झाकणाकडे. "एक लाख वीस हजार."

"मधल्याने किती दिवस?"

तिने पत्राच्या पाठीवर हिशोब मांडला. दिवसाला छत्तीस. दोनदा करून पाहिला. "नऊ वर्षं. थोडी जास्तच."

बाबा एकोणऐंशीचे होते. त्यांनी मान हलवली, एखाद्याने गाडीची वेळ सांगितल्यावर हलवावी तशी.

"आणि खालच्याने?"

"आठ महिने."

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. खारूच्या हातातली चावी त्यांनी घेतली, झाकणाच्या आत हात घातला, आणि चाळीस वर्षं जागच्या जागी असलेला खटका काढून लेकीच्या तळहातावर ठेवला.

"खालचा लाव," ते म्हणाले.